आधी खराटा

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. मी मॅट्रिक. मॅट्रिकनंतर चित्रकलेची परीक्षा देऊन रिसोडच्या एका शाळेत लागलो. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्या छापल्याही गेल्या. परंतु पदवीची हौस मनात राहून गेली होती. ती फेडावी म्हणून मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि बी.ए.ला नाव घातले. भाषा आणि इतिहास हे विषय मी आवडीने घेतले. ज्या विषयाने पुढे माझी झोप उडवली तो मात्र मी घेतलेला नव्हता. तो सक्तीचा होता. त्याचे नाव पर्यावरण अभ्यास.

या सक्तीलाही इतिहास आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला, आणि शाळा-कॉलेजांतून हा विषय सर्वांना शिकवला जावा असे सांगितले. बारा वर्षे उलटली तरी अंमल धड होईना, तेव्हा २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. त्यात शंभरांपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष पाहणीला होते. विद्यार्थ्याने नदी, तळे, डोंगरउतार पाहावा, एखादी दूषित जागा पाहावी आणि अहवाल लिहावा. हेतू चांगलाच होता. न्यायालयाच्या हुकमाने ज्ञान देता येते, यात शंका नाही. पण जे कळले त्याचे पुढे काय करायचे, आणि ते करण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे कोणताही हुकूम सांगत नाही.

तयार अहवाल दुकानात विकत मिळतात. माझ्याबरोबरच्या दोन-तीन पोरांनी ते घेतलेही. मी मात्र मास्तर असल्यामुळे मला ती लाज वाटली. मी वही घेतली आणि आमच्याच शेताच्या कडेने वाहणाऱ्या नाल्यावर गेलो. हा नाला पुढे पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या बांधावरून ओघळलेला थेंब समुद्रापर्यंतचा प्रवासी. मी हे मोठ्या झोकात लिहिले. नाल्याच्या काठी तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, त्या मोजल्या. पंप तिथेच धुतला जातो हेही नोंदवले. लहानपणी आई निंदायला गेली की ओच्यातून तरोटा, पाथरी, चिवळ घेऊन यायची. तिला ती भाजी होती, पुस्तकात तिला जैवविविधता म्हणतात, आणि आता ती आमच्या शेतात दिसत नाही, हेही लिहिले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसएक माणसे विषबाधेने दगावली, त्याचाही उल्लेख केला. अहवालाला पंचवीसपैकी बावीस गुण मिळाले.

तो अहवाल मी दादाला वाचून दाखवला. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर तो शाळा सोडून शेतात उतरला, म्हणून मी मॅट्रिकपर्यंत तरी पोचलो. ते शेत आम्हा दोघांच्या नावावर आहे. कसतो तो, आणि सोयाबीन विकले की माझा वाटा माझ्या हातात आणून देतो. त्याच पैशातून मी विद्यापीठाची फी भरली होती. दादाने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "मास्तर, तुले मार्क भेटले, चांगलं झालं. पण यवतमाळचं मले नको सांगू. पंप माह्या पाठीवर रायते."

वहिनी चुलीजवळून म्हणाली, "औषध आलं म्हनून माही कंबर वाचली, भाऊजी."

मी गप्प बसलो. मला जे शिकवायचे होते ते त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होते. मृगानंतर पेरणी होते, तीन आठवड्यांत तण वर येते. पावसाची झड लागली की वाफसा नसतो, डवरा चालत नाही. निंदायला माणसे मिळत नाहीत. मिळाली तर मजुरी परवडत नाही. त्याच निंदणावर गावातल्या कितीतरी बायांचे घर चाले, ते काम तणनाशकाने नेले. आणि त्याच तणनाशकाने माझ्या वहिनीच्या पाठीचे दुखणे थांबवले. अहवालात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. गुण देणाऱ्यानेही त्या विचारल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. जाणत्याने सांगावे, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु माझे जाणणे ज्याच्या कष्टावर उभे आहे त्यालाच मी दोषी ठरवायचे, आणि त्याबद्दल गुण घ्यायचे, यात न्याय कुठला? मग गप्प बसावे काय? तेही पटत नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला ज्यांची गुरे पाणी पितात, त्यांनी आमच्या घरातला हिशेब का सोसावा? माझी अडचण खरी असली तरी तिच्यामुळे त्यांचे पाणी स्वच्छ होत नाही.

मला वाट दिसली ती पुस्तकात नव्हे. आमच्या भागातल्या कॉलेजांना पदवी देणारे जे विद्यापीठ अमरावतीला आहे, त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा शाळेत शिकलेले नव्हते. गावात आले की ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडीत. कीर्तन रात्री होई. हे आपण शाळेत मुलांना नेहमी सांगतो, पण त्यातल्या क्रमाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. झाडणे आधी, सांगणे मागून. ज्याला कळले त्याने आधी स्वतःच्या अंगाला तोशीस लावून घ्यावी. बोलण्याचा अधिकार, मिळालाच तर, त्यानंतर मिळतो.

मागच्या पावसाळ्यात मी दादाला म्हटले, नाल्याकाठची अर्धा एकर पट्टी माझ्याकडे दे. तिच्यात औषध नको, निंदणाची मजुरी माझ्या पगारातून, आणि पीक कमी आले तर ते माझ्या वाट्यातून. तो हसला, पण हो म्हणाला. रविवारी मी स्वतः खुरपे घेऊन बसलो. दुसऱ्या रविवारी उठवेना. मध्ये झड लागली, तण माजले, आणि बाकीच्या शेताच्या मानाने त्या पट्टीत सोयाबीन कमी उतरले. ते मी भरून दिले. उरलेल्या शेतात फवारणी चालूच आहे, आणि ती थांबव असे मी दादाला अजून म्हटलेले नाही. अर्धा एकर निंदून तेवढा अधिकार मिळतो असे मला वाटत नाही. पंप मात्र तो आता नाल्यावर धूत नाही. मी सांगितले नव्हते.

यंदा शेवटच्या वर्षाचा अर्ज भरायचा होता. दादा नेहमीप्रमाणे माझ्या वाट्याचे पैसे घेऊन आला. ते कुठल्या सोयाबीनचे हे मला ठाऊक होते. मी ते घेतले, आणि त्यातूनच फी भरली.