श्वासातला कार्बन

संध्याकाळी बहारीनच्या सीफमध्ये समुद्राकडे तोंड करून बसा. मॉलची गर्दी पाठीमागे राहू द्या, फोन पालथा ठेवा. जवळ मुलं ओरडत असतील तर ओरडू द्यात. त्यांनी गप्प बसण्याची वाट पाहिलीत तर रात्र होईल. पाय जमिनीला टेकवा. इथली पुष्कळशी जमीन समुद्रात भराव घालून केलेली आहे. तुम्ही बसलात तिथे काही दशकांपूर्वी कदाचित पाणीच असेल.

आता श्वास घ्या आणि सावकाश सोडा.

बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन आहे, दुपारी खाल्लेल्या भाताचा. खजुराच्या झाडातही कार्बनच आहे, आणि दक्षिणेकडे जबल दुखान डोंगराच्या पोटातही. तिथे 1932 साली तेल लागलं. त्या तेलापाठोपाठ आलेल्या समृद्धीमुळे आपल्यासारखे कितीतरी जण पोटासाठी या बेटावर आले. हा कार्बन मुळात आला कुठून? उत्तराची घाई नको. आणखी दोन-चार श्वास होऊ द्या.

फ्रेड हॉइल या प्रश्नापाशी बराच काळ थांबले होते. यॉर्कशरच्या एका लोकर-व्यापाऱ्याचा हा मुलगा, जन्म 1915चा, केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ झाला. ताऱ्याच्या गाभ्यात हेलियमची तीन अणुकेंद्रकं जुळली की कार्बन तयार होतो. अडचण अशी, की पहिली दोन जुळतात न जुळतात तोच सुटी होतात. मग तिसऱ्यानं गाठायचं कधी? हॉइल यांनी प्रश्न उलटा धरला. कार्बन विश्वात भरपूर आहे. तेव्हा कार्बनच्या केंद्रकात ही जुळणी सोपी करणारी एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. 1953 साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगकर्त्यांना ती शोधायला लावली. ती सापडली! 1983 साली या क्षेत्रातलं नोबेल मात्र त्यांचे सहकारी विल्यम फाउलर यांना, चंद्रशेखर यांच्याबरोबर, मिळालं. हॉइल यांचं नाव त्यात नव्हतं. तो अन्यायच होता.

डोळे मिटा. हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी 1957ची. तिच्यात सूर्याभोवती एक काळा ढग येऊन ठाकतो, पृथ्वीवर अंधार आणि गारठा पसरतो. हळूहळू कळतं, की ढग जिवंत आहे, आपल्यापेक्षा कितीतरी बुद्धिमान आहे. आणि ग्रहाच्या टणक पाठीवर विचार करणारे जीव राहतात याचंच त्याला नवल वाटतं. क्षणभर तुम्ही तो ढग व्हा. खाली पाहा: एक लहानसा गोळा, त्यावर एक बेट, बेटाच्या कडेला भरावाची पट्टी आणि तिच्यावर बसून समुद्र पाहणारं कुणीतरी. इथे जितका वेळ रेंगाळता येईल तितका रेंगाळा.

कोल्हापुरात जन्मलेला, बनारसमध्ये शिकलेला एक तरुण त्याच 1957 साली केंब्रिजला पोचला. जयंत नारळीकर पुढे हॉइल यांचे विद्यार्थी आणि सहकारी झाले. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत दोघांनी मिळून मांडला. विश्वाला आरंभ नाही हे हॉइल यांचं मत बहुतेक शास्त्रज्ञांनी पुढे नाकारलं, तरी या जोडीनं नवी गणितं मांडणं सोडलं नाही. गुरूची आणखी एक खोड, गोष्टी लिहिण्याची, शिष्याला लागली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ लिहिली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगला यांच्याकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

मला वाटतं, गोष्ट रचणं आणि सिद्धांत मांडणं ही या दोघांना वेगळी कामं वाटतच नसावीत. दोन्हीकडे आधी अशक्य वाटणारं काही गृहीत धरायचं आणि मग त्याचा हिशेब प्रामाणिकपणे शेवटपर्यंत न्यायचा.

आता डोळे उघडा. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह घरात असेल तर आज काढा, आणि मुलांना देवनागरी अडखळायला लावत असेल तर तुम्ही वाचून दाखवा.