छातीचा घेर

पाठ टेकून बसा. घाई कसलीच नाही. हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्याबाहेरची सकाळ मनात आणा. कुणी तेलुगूत बोलतंय, कुणी दखनीत, बोलू द्या. तुमच्यासमोर एक शेळी आहे. काळी, उंच पायांची, लोंबत्या कानांची उस्मानाबादी. १९५६ पर्यंत उस्मानाबाद हैदराबाद राज्यातच होतं; जिल्हा आता धाराशिव झाला, शेळीचं नाव जुनंच राहिलं. जंताच्या औषधाची बाटली मालकाच्या पिशवीत आहे. डोस गोठ्यात द्यायचाय, तो किलोवर ठरतो, आणि गोठ्यात काटा नाही. शिंप्याचा टेप मात्र आहे.

आधी तिला नीट उभी राहू द्या. सपाट जागा, चारही पाय सरळ, मान नेहमीच्या उंचीला. चारापाणी व्हायच्या आधीची वेळ बरी.

आता पुढच्या पायांच्या लगेच मागून, कोपराला लागून, टेप छातीभोवती फिरवा. केस दबतील पण कातडी दबणार नाही, एवढाच ताण. थांबा. छाती फुगते, ओसरते. पुन्हा फुगते. श्वास सोडून ती स्थिरावली की आकडा वाचा. २८ इंच, समजा. मग लांबी: खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला हाताला लागणाऱ्या टोकदार हाडापर्यंत. २६ इंच.

घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, भागिले ६६०. जवळजवळ ३१ किलो.

या ६६० पाशी जरा रेंगाळा. शेळीचं धड म्हणजे आडवं पिंप माना. हा घेर, ही लांबी, आत काठोकाठ पाणी. वजन येतं साधारण साडेसव्वीस किलो. उरलेले चारेक किलो कुठले? मान, डोकं, पाय. टेप त्यांना शिवलासुद्धा नाही, तरी भाजकाने त्यांची सोय आधीच करून ठेवली आहे. गाभण शेळीत किंवा पोट सुटलेल्या करडात हे पिंप बिघडतं, तिथे हिशेबावर फार विसंबू नये.

आता मुद्दाम चूक करून पाहा. लांबी एक इंच जास्त धरली, तर वजन सव्वा किलोच्या आसपास वाढतं. घेर एक इंच जास्त धरला, तर सव्वादोन किलो. घेर दोनदा गुणला जातो ना. म्हणून लांबी मोजताना शेळी थोडी हलली तर चालून जाईल. छातीपाशी मात्र पुन्हा मोजा, तिसऱ्यांदाही मोजा. बाजारात मुरलेले व्यापारी नुसती कंबर चाचपून भाव बोलतात, आणि त्यांचा हात क्वचितच फसतो. पण तो हात सौद्यासाठी तयार झालाय, डोससाठी नाही.

तिन्ही आकडे थोडे वेगळे आले, तर बिचकू नका. ३०, ३१, ३२ किलो. जंताचं औषध असेल तर वरचा धरा: डोस कमी पडला की चिवट जंत तेवढे मागे राहतात, त्यांचीच पैदास होते, आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. शेळीचं यकृत अल्बेंडाझोल हे जंताचं औषध मेंढीपेक्षा लवकर निकालात काढतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला पुरत नाही. प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्या. शिंगाच्या मुळाशी बधिर करायचं असेल, तर खालचा. बधिर करणारं लिग्नोकेन शेळीला चटकन बाधतं, करडांना तर फारच.