नाव ठेवणं

डुकराला आपण जन्मभर नावं ठेवतो. घाणेरडा माणूस म्हणजे डुक्कर, खादाड पोरगं म्हणजे डुक्कर. मी मात्र लहानपणी एका डुकराला खरोखरचं नाव ठेवलं होतं. ढेऱ्या.

आमचं गाव बुलडाणा तालुक्यात, ज्ञानगंगेच्या जंगलाच्या अलीकडे. गावाबाहेर नाल्याकाठी कैकाड्यांची तीन-चार घरं होती. ती माणसं टोपल्या, कणग्या विणायची आणि डुकरं पाळायची. आमच्या घरच्या कणग्या विणणाऱ्याला मी मामा म्हणायचो. १९७१ च्या पावसाळ्यात त्याच्या डुकरीणीला नऊ पिल्लं झाली. त्यातल्या सगळ्यात बारक्याला बाकीचे थानाला लागू देईनात. मामा म्हणाला, "ने तू, जगोव. जगलं तं निम्मं तुहं, निम्मं माह्यं." शेळी बटईनं देतात तशी बोली झाली. मी तेव्हा दहा वर्षांचा.

माय म्हणाली, "उंबऱ्याच्या आत आलं तं तूबी बाहेर." मी चिंधी शेळीच्या दुधात बुडवून त्याला चोखायला द्यायचो. महिनाभरात पोट मडक्यासारखं झालं, म्हणून ढेऱ्या.

त्याचे उपद्व्याप काय सांगू! नाकानं कडी उचलून दार उघडायचा. एकदा काठवटीतलं मळलेलं पीठ खाऊन ओसरीवर निवांत झोपला. कांद्याचा वाफा एका सकाळीत असा उकरला, की बाबा म्हणाले, "नांगरट फुकटात झाली." शाळेत माझ्या मागं यायचा, खिडकीखाली बसायचा. गुरुजी म्हणाले, "याचंही नाव हजेरीत घालू काय?" माय शिव्या द्यायची, पण हळूहळू भांड्याचं धुवण त्याच्यासाठी वेगळं ठेवायला लागली.

जवळून पाहिलं तेव्हा कळलं. डुकराला घाम नीट येत नाही, म्हणून ते चिखलात लोळून अंग थंड करतं. ढेऱ्यानं झोपायची जागा कधी घाण केली नाही, गोठ्याचा दुसरा कोपरा गाठायचा. गावात तेव्हा संडास नव्हते. नाल्यातली घाण आमची होती, नाव मात्र डुकराचं झालं.

मग १९७२ चा पाऊस गेला. लोक खडी फोडायला गेले, लेकरांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. घरात धान्यच नाही तर कणगी कोण घेणार? मामाच्या घरी चूल पेटेना. एका सकाळी तो ढेऱ्याला न्यायला आला.

मी ढेऱ्याच्या गळ्यात पडलो. म्हटलं, "याले नाव हाये. नाव असल्यावर कसं विकता?"

मामा खाली बसला. म्हणाला, "तुह्या हिऱ्या बैलाले नाव नव्हतं का?"

"होतं."

"कुठी गेला तो?"

मी गप्प. पोळ्याला हिऱ्याची पूजा केली, पुरणाची पोळी नव्हती म्हणून भाकरीचा घास दिला, आणि पंधरा दिवसांनी तो बाजारात विकला. म्हातारा झाला होता, चारा नव्हता. तो पुढं कुठं गेला, हे घरात कुणी विचारलं नाही.

"तुह्या बापानं तोंड फिरोवलं अन् दावं दुसऱ्याच्या हाती देल्लं," मामा म्हणाला. "मी तोंड फिरोवत नाही. मह्या हातानं नेतो."

दुसऱ्या दिवशी बोलीप्रमाणे निम्मे पैसे मायच्या हातात दिले. दोन दिवस ते चुलीवरच्या फळीवर पडून होते. तिसऱ्या दिवशी मायनं मिलो आणला. ती भाकर मी खाल्ली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझा नातू पुण्यात शिकतो. त्यानं मोबाईलवर दाखवलं, की अमेरिकेत व्हिएतनामकडची मोठ्या पोटाची डुकरं घरात कुत्र्यासारखी पाळतात. जॉर्ज क्लूनी नावाच्या नटानं मॅक्स नावाचं डुक्कर अठरा वर्षं सांभाळलं. मी हसलो. पण बारकंच राहील म्हणून हौसेनं आणलेलं पिल्लू ५०-६० किलोचं झालं की बरेच लोक ते सोडून देतात, असंही तो म्हणाला. म्हणजे नाव दिलं की माया पक्की झाली, असं तिकडंही नाही.

आमच्या ज्ञानगंगेत २०१९ च्या शेवटी टिपेश्वरहून एक वाघ १३०० किलोमीटरच्या वर चालत आला. त्याला 'वॉकर' नाव मिळालं, गावोगाव कौतुक झालं. वाघाच्या पोटात जाणाऱ्या रानडुकराचं नाव कोण विचारतो?

तेच रानडुक्कर मागच्या हंगामात माझ्या मक्यात शिरलं. एका रात्रीत अर्धा एकर लोळवला. पंचनाम्यानं भरपाई मिळते, झोप मिळत नाही. शेजारी म्हणाला, "आकडा टाक, तारेत करंट सोड. एका रात्रीत मोकळा होशील." मी तार आणली, खुंट्या ठोकल्या. रानडुकराला कायद्याचं संरक्षण आहे, करंटनं माणूसही मरतो, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी आणली. राग आलेल्या माणसाला ठाऊक असलेलं उपयोगी पडत नाही.

त्या रात्री माळ्यावर जागलीला बसलो होतो. बॅटरी मारली तर धुऱ्यावर एक डुकरीण, मागं पट्ट्यापट्ट्याची पिल्लं. सगळ्यात मागचं बारकं, त्याला बांध चढता येईना. खाली तार होती, तिच्यात करंट नव्हता. मी थाळी वाजवली, ती पळाली. बारकं मागं राहून पुन्हा पुन्हा घसरलं आणि शेवटी चढलं.

सकाळी मी तार गुंडाळली आणि उधारीवर झटका मशीन आणलं. त्यानं डुक्कर हटतं, मरत नाही. नाल्याच्या बाजूनं अजून शिरतातच. मी काही साधू नाही. पीक माझं आहे आणि ते मी राखणार. पण रात्री करंट सोडून घरी झोपायचं, सकाळी मेलेलं बघायचं, म्हणजे तोंड फिरवून दावं दुसऱ्याच्या हाती देणंच.

जनावर पाळावं, विकावं, हाकलावं, वेळ आली तर मारावं की नाही, याचं एकच उत्तर मला सापडलेलं नाही. जे करायचं ते त्याच्याकडे बघून करावं, एवढं मामाकडून शिकलो. मामाचं खरं नाव काय, हे मात्र मी कधी विचारलं नाही. डुकराला नाव ठेवलं, आणि माणसाचं विचारायचं राहून गेलं.