यंदा काय लुटणार?

पौष लागला की मराठी बायका एकमेकींना विचारतात, "यंदा तू काय लुटणार?" उत्तर येतं, "सुगंधी उटणं घरी करणार आहे", "कापडी पिशव्या शिवल्यात", "आवळ्याच्या सरबताच्या बाटल्या". दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीला हा संवाद ऐकून हसू येतं. तिच्या हिंदी कानाला लुटणं म्हणजे दरोडा. वाटायचं असेल तर 'वाटणार' म्हणा, असं तिचं सरळ म्हणणं. पण आपण दसऱ्याला सोनं लुटतो आणि संक्रांतीला वाण लुटतो. ओरबाडून घेणाऱ्याचं आणि हात सैल सोडून देणाऱ्याचं क्रियापद एकच, ही गोष्ट मला भाषेचा गलथानपणा वाटत नाही. तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मला काला अंबला पहिल्यांदा नीट पडला.

काला अंब ही पानिपत शहराबाहेरची जागा. 14 जानेवारी 1761 ला तिसरी लढाई जिथे झाली त्या रणभूमीची खूण म्हणून तिथे एक स्तंभ आहे. इथल्या आंब्याचं झाड रक्ताने काळं पडलं होतं, अशी आख्यायिका आहे. दर वर्षी 14 जानेवारीला इथे शौर्यदिन होतो. महाराष्ट्रातून माणसं येतात, आणि स्वतःला पानिपतावरच्या मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातले रोड समाजाचे लोकही येतात. आज त्या तारखेला संक्रांत असते, म्हणून लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं आपण सहज बोलून जातो. ते खरं नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी लवकर येत असणार. म्हणजे लढाई झाली तेव्हा सण होऊन गेला होता. रसद तुटलेल्या, उपाशी छावणीत तो कसा गेला असेल, याची कल्पना करवत नाही.

काशिराज पंडिताच्या वृत्तांतात एक तपशील आहे. त्या सकाळी मराठे तोंडाला आणि हातांना हळद लावून बाहेर पडले. मरायला निघालो आहोत, याची ती खूण. ज्या महिन्यात घरोघर हळदीकुंकू व्हायचं, त्याच महिन्यात ही हळद. संध्याकाळपर्यंत सारं संपलं आणि छावणी लुटली गेली. इथे मात्र लुटणे या शब्दाचा एकच अर्थ.

म्हणून काला अंबला तिळगुळाचा डबा घेऊन उभं राहिलं की प्रश्न पडतो. देणं आणि लुटलं जाणं यांत नेमका फरक कुठला?

दोन्हींत आपल्याजवळचं काहीतरी जातं. विकत आणलेल्या वस्तूत पैसे जातात, ते पुन्हा मिळतात. हाताने केलेल्या वस्तूत वेळ जातो आणि तो परत येत नाही. काटेरी हलवा कसा होतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, वर चमचाभर पातळ पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. बोटं भाजतात. घाई केली की दाण्यांचे गोळे होतात. दोनतीन दिवस असं बसल्यावर दाण्याला काटा धरतो. मग त्या दाण्यांचे दागिने गुंफायचे. नव्या सुनेला हार, तान्ह्या बाळाला बोरन्हाणासाठी मुकुट आणि वाळे. चार तास मिरवायचे, मग मुलं ते खाऊन टाकणार. इतकं करून टिकत काही नाही. मला वाटतं, त्यातच त्याचं शहाणपण आहे. टिकाऊ, महागडी भेट घेणाऱ्याच्या घरात वर्षानुवर्षं उभी राहून देणाऱ्याची आठवण बजावत राहते. हलवा पोटात जातो आणि उपकार विरघळतो.

काला अंबच्या त्या झाडाचीच एक गोष्ट सांगतात. झाड वठल्यावर त्याचं लाकूड एका स्थानिक धनिकाने विकत घेतलं, त्याचे सुंदर दरवाजे करवले आणि ते राणी व्हिक्टोरियाला भेट दिले. तीही कारागिरीच आणि तीही भेटच. पण ती भेट वर जाते. नजराणा देणाऱ्याला काहीतरी हवं असतं, निदान नजरेत भरायचं असतं.

दुसरी भेट लढाईनंतरच्या दिवसांतली. भरतपूरचा सुरजमल जाट आधी मराठ्यांबरोबर होता, मग मतभेद होऊन दिल्लीतूनच बाजूला झाला. पराभवानंतर ऐन थंडीत फाटक्या कपड्यांनी पळत आलेले मराठे त्याच्या मुलखात पोचले, तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला, जखमींची काळजी घेतली. शिधा आणि कापड, एवढीच ती भेट. ज्यांचं सर्वस्व लुटलं गेलं होतं, त्यांच्यासाठी त्याने आपलं कोठार लुटू दिलं. परतफेड करण्याच्या अवस्थेत त्यांच्यातला कोणीही नव्हता. शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच आठवड्यात, शेजारशेजारच्या दोन मुलखांत घडले.

आता माझ्या गृहसंकुलाकडे येते. जानेवारीत समोरच्या पंजाबी घरातून काळ्या गाजराच्या कांजीची बरणी येते. गाजराचे तुकडे, पाणी, मीठ आणि कुटलेली मोहरी, चारसहा दिवस उन्हात आंबवलेलं. जांभळं, नाकात झणझणणारं. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडेही. म्हणून बरणी धुऊन तिच्यात तिळाच्या वड्या जातात. चैत्रात माझ्याकडून गूळ-वेलदोड्याच्या पन्ह्याचा गर जातो आणि त्यांच्याकडून भाजलेलं जिरं, पुदिना आणि काळं मीठ घातलेलं पन्हं येतं. दोघींनाही दुसरीचं थोडं चुकलेलंच वाटतं. हिशोब कधी मिटत नाही, आणि तो मिटू नये म्हणूनच ही रीत असावी. भांडं रिकामं गेलं तर व्यवहार संपतो.

पण या सुंदर रीतीला एक कुंपणही आहे. ज्याच्याकडून काही परत येणार, त्यालाच आपण देत राहतो. आमच्या संकुलात सगळ्यात चांगला हलवा वरच्या मजल्यावरच्या काकू करतात. दिल्लीच्या थंडीत काटा छान धरतो, असं त्या म्हणतात. मला वाटतं, तो त्यांच्या बोटांचा गुण आहे. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या सकाळी येऊन तबकं लावून देतात, पुड्या बांधतात आणि पाच वाजता बायका यायला लागायच्या आत वर निघून जातात. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. थांबू नका असं त्यांना कोणीही म्हटलेलं नाही. म्हणावं लागत नाही, इतकी ती रीत भिनलेली आहे. वाण सौभाग्याचं, सौभाग्यवतीकडून सौभाग्यवतीला. पानिपतानंतर या वर्तुळातून किती बायका एकदम बाहेर पडल्या असतील! सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू कधी मान्य केला नाही आणि विधवेचं जिणं पत्करलं नाही. आपण त्याला पत्नीची निष्ठा म्हणतो. मला त्यात कुंकवाचा करंडा हातून न सोडणारी एक बाईही दिसते. तो सोडला की आपलं काय होणार, हे तिला ठाऊक होतं.

घरी केलेल्या वस्तूंचं कौतुक करताना आपण बहुधा देणारीबद्दल बोलतो. तिने किती मन लावून केलं, बाजारचं आणलं नाही. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. भेटीची नीती हातांवर जितकी ठरते, तितकीच ती यादीवर ठरते. जिच्या बोटांनी काटा धरला तिलाच ज्या संध्याकाळी पुडी मिळत नाही, त्या संध्याकाळी आपण नेमकं काय लुटत असतो? मला वाटतं, तेव्हा शब्दाचा काला अंबचा अर्थ खरा असतो. कोणाच्या तरी श्रमाची लूट करून आपण वाण वाटत असतो.

आता काही ठिकाणी सगळ्या बायकांसाठी हळदीकुंकू करतात, काही ठिकाणी नाव बदलून तिळगूळ समारंभ म्हणतात. नाव काहीही असो. गेल्या वर्षी पाचच्या आत मी वर गेले आणि काकूंना थांबायला बोलावलं. त्या म्हणाल्या, "आता या वयात मला चार बायकांत बसवून काय दाखवायचंय तुला?" प्रश्न बरोबर होता. भेट म्हणून द्यायला निघालेला मानसुद्धा नजराण्यासारखा मिरवला जाऊ शकतो. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "परात खालीच राहिलीय माझी. ती आणून दे. आणि रिकामी आणू नकोस."

मी परात घेऊन गेले. त्यात हळदीकुंकवाची वाटी, तिळाची वडी आणि समोरच्या घरची कांजी होती. त्यांनी आधी कांजी चाखली, तोंड वाकडं केलं आणि मोहरी जास्त झाली म्हणाल्या. कुंकवाची वाटी त्यांनी उचलली नाही, परतही केली नाही. ती परातीतच राहिली. यंदा परात पुन्हा खाली येईल. तिच्यात काय असेल, ते त्यांनी ठरवायचं आहे.