सोडून दिलेला मासा

भोर सोडून वरंध घाटाच्या वाटेला लागले की नीरा नदीची सोबत सुरू होते. डिसेंबरमधील त्या पहाटे आम्ही दोघे मित्र एका डोहापाशी पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. मित्राला गळाने मासे धरण्याचा छंद आहे. त्याच्या सहवासात मीही तो शिकलो. आमचा एक नेम आहे. धरलेला मासा सोडून द्यायचा. गळाचा उलटा काटा आम्ही आधीच घासून टाकतो, माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करतो आणि त्याला क्षणभराहून अधिक काळ पाण्याबाहेर ठेवीत नाही. या नेमाचा मला मनातून अभिमान होता.

उन्हे डोहात उतरली आणि माझी दोरी एकाएकी ताणली गेली. काही मिनिटांच्या झुंजीनंतर मासा काठाशी आला. किलोभराचा महासीर होता तो. सोनेरी झाक असलेले मोठमोठे खवले, ओठांजवळ चार मिशा. गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात धरले. थोडा दम घेऊन शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी तो खोल गेला.

काठावर एक वृद्ध गृहस्थ केव्हाचे येऊन बसले होते. मूळचे वेल्ह्याकडचे, कानंदी नदीच्या काठी वाढलेले. लेकीकडे आले होते. त्यांनी विचारले, “सोडला व्हय?”

“होय बाबा. आम्ही खात नाही, सोडून देतो.”

“खायाचा नव्हता, तर मग धरला कशापायी?”

त्या स्वरात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच उलगडा झाला नव्हता. मला उत्तर सुचले नाही, आणि परतीच्या वाटेवर तो प्रश्न माझी पाठ सोडीना.

भुकेसाठी मासा धरणे माणसाला नवे नाही. गालील सरोवरावर रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतणारे कोळी पोटासाठीच राबत होते. त्यांच्या आणि माशाच्या नात्यात कठोरपणा होता, पण लपवाछपवी नव्हती. जो खातो त्याला आपण काय घेतले हे ठाऊक असते. माझे तसे नव्हते. मला माशाची झुंज हवी होती; म्हणजे त्याची भीती हवी होती. मासा परत दिला हे खरे, पण जे घेण्यासाठी मी आलो होतो ते मी घेतलेच होते. माशाला वेदना कुठल्या, असे म्हणून पूर्वी सुटका करून घेता येत असे. 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. तेव्हापासून ती पळवाटही अरुंद झाली आहे.

याचा अर्थ भूक निष्पाप आणि छंद पापी, असा सरळ हिशोब मांडावा काय? तसेही नाही. सुरुंगाची दारू वा विष पाण्यात सोडून मासे मारण्यास 1897 च्या कायद्यानेच मनाई केली. म्हणजे तो प्रकार तेव्हाही चालत होता, आणि त्यात पिल्लासकट सारा डोह मरतो. उलट, नदीच्या एखाद्या पट्ट्यावर छंदी माणसांची जाग असली की अशा प्रकारांना आळा बसतो, हेही मी पाहिले आहे.

तरीही केवळ सदिच्छेवर विसंबून चालत नाही. आपल्या या महासीराचेच उदाहरण घ्या. कर्नल सायक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे इथल्या बोलीतील नावच त्याला दिले. पुढे तो दुर्मिळ होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांवर त्याची पैदास करण्यात आली. हे मोठे काम होते. पण तीच पिल्ले कावेरीत सोडली गेली. तेथे ती बळावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महासीर मागे रेटला गेला. 2018 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. सोडणाऱ्यांचे हेतू चांगले होते. दयेलाही आपण काय करतो आहोत हे डोळे उघडून पाहावे लागते.

आणि गळ हातात न धरणारे तरी सुटतात काय? परदेशातील सामन माशाप्रमाणे आपला महासीरही अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो. त्याच्या वाटेवर येळवंडी नदीवरचे भाटघर आहे, नीरेवरचे देवघर आहे. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याच्या घराघरांत येते. माझ्या नळातून जे वाहते त्यासाठी माणसांची गावे उठली आणि माशांच्या वाटा बंद झाल्या. तो मासा मी परत सोडू शकत नाही.

वरंध घाट उतरून गेले की महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानतात. लोक त्यांना खाऊ घालतात, धरीत मात्र नाहीत. त्या डोहाकाठी ‘धरला कशापायी’ हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही.

मी गळ कायमचा टाकून दिला, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्यानंतरही मी दोनदा नीरेवर गेलो. परंतु मासा सोडताना पूर्वी जे समाधान वाटे, ते आता वाटत नाही, आणि ते जावे हेच योग्य, असे मला वाटते. जगायचे तर काही ना काही घ्यावेच लागते, मग ते ताटात असो, नळात असो की करमणुकीत. परत दिल्याने घेतल्याचा हिशोब पुसला जात नाही. घेतले ते घेतले म्हणावे, कमी घ्यावे, आणि विचारणारा काठावर बसलेला आहे याचे भान ठेवावे, एवढे आपल्या हाती आहे. त्या आजोबांना उत्तर द्यायचे अजून राहिलेच आहे. पुन्हा भेटले तर सांगेन, “बाबा, माझ्यापायी धरला.”