शाळेच्या सभेत आपण कोणाकरिता बसतो?

पालक व शिक्षक यांनी एकत्र बसून गावच्या शाळेच्या सुधारणेचा विचार करावा, ही गोष्ट आता केवळ सदिच्छेवर राहिलेली नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा सन २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्या कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, व दुर्बल घटकांतील पालकांसही त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असा नियम आहे. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे हे ह्याच समितीचे काम होय. आमच्या वाचकांपैकी कित्येक अशा समित्यांवर असतील. त्यांच्यापुढे आम्हांस एक प्रश्न ठेवावासा वाटतो. त्या सभेत बसणारे आईबाप तेथे कोणाकरिता बसतात? आपल्या मुलाकरिता, की गावातील प्रत्येक मुलाकरिता?

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब हे गाव डोळ्यांपुढे आणा. माढा तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर वसले असून कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील ते एक स्टेशनही आहे. अशा बाजाराच्या गावात दुकानदार, बागायतदार व नोकरदार असतात, तसेच रोजंदारीवर पोट भरणारेही असतात. तालुक्यात उसाचे पीक मोठे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात, आणि हंगाम सरला की निघून जातात.

अशा गावी शाळेची सभा भरली तर काय होईल, ते कल्पनेने पाहू. एक गृहस्थ संगणक मागतील, दुसरे कुंपणाची भिंत मागतील, तिसरे म्हणतील की, मुलांस इंग्रजी नीट यावी. ह्यांतील एकही मागणी वाईट नाही. परंतु बोलणारे कोण? ज्यांची मुले रोज शाळेत येतात, ज्यांच्या दप्तरात वह्या आहेत, त्यांचेच आईबाप. सकाळी अकराच्या सभेस खुरपणीला गेलेली बाई कोठून येणार? रोज बुडवून ती आली, तरी "मास्तर म्हणतील तसे" एवढे बोलून अंगठा उठवील व निघून जाईल. आणि उसाच्या फडालगत कोपीत राहणाऱ्या मुलाचे तर हजेरीपटावर नावही नसेल. मग जो आराखडा तयार होईल, तो गावाच्या शाळेचा आराखडा म्हणता येईल काय?

कोणी विचारील, "आपल्या लेकराची काळजी आधी करणे हे पाप आहे काय?" मुळीच नाही. ती माया देवानेच आईबापांच्या अंतःकरणात घातली आहे. नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधला गेला, तेव्हा कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला, आणि त्याबद्दल शास्त्राने त्यांस दोष दिलेला नाही. परंतु त्याच अध्यायात तकोवा गावच्या लोकांविषयी सांगितले आहे. त्यांच्या सरदारांनी कामास खांदा लावला नाही. तरी त्या साध्या लोकांनी आपला भाग पुरा केला, व त्यानंतर आणखी एक भाग बांधून काढला.

ह्यावर असे म्हणता येईल की, कोटास भगदाड राहिले तर सर्वांचाच घात होतो. पण शाळा काही कोट नव्हे. शेजाऱ्याचे मूल मागे पडले, म्हणून माझे मूल मागे पडत नाही. हे म्हणणे आम्ही खोटे ठरवीत नाही. हिशेबाने पाहिले तर तसेच आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न हिशेबाचा नसून विवेकाचा आहे. तथापि एक गोष्ट विसरू नये. वर्गातील एक मूल येईनासे झाले व कोणीही विचारपूस केली नाही, हे आपले मूल पाहत असते. कोणास सोडून दिले तरी चालते, हा धडा कोणत्याही पुस्तकात नसता ते त्या रिकाम्या जागेवरून शिकते.

ही तक्रार नवी नाही. सन १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले की, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. जे आयोगापुढे येऊ शकत नव्हते, त्यांच्याकरिता ते बोलले.

माढा तालुक्यातीलच परितेवाडीचे उदाहरण घ्या. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेवर श्री. रणजितसिंह डिसले हे सन २००९ मध्ये शिक्षक म्हणून आले, तेव्हा इमारत मोडकळीस आलेली होती व मुलींची हजेरी फार थोडी होती. त्यांच्या क्यूआर कोडच्या युक्तीचे पुष्कळ कौतुक झाले, व सन २०२० मध्ये त्यांस दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. युक्ती सर्वांस साधेल असे नाही. पण न येणाऱ्या मुलांकडे लक्ष देणे, व आपल्या वाट्याचे दुसऱ्यास देणे, ह्यांस यंत्र लागत नाही.

तर करावे काय? सभा मजुरांच्या सोयीने सायंकाळी भरवावी. प्रथम कोणती मुले येत नाहीत, त्यांची नावे वाचावी. कोणास वाचता येत नाही, हे शिक्षकांनी न लपविता सांगावे, आणि पालकांनी ते दोष न देता ऐकावे. तोडणीच्या हंगामात दोन सभासदांनी टोळीच्या तळावर जाऊन यावे; वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलासही प्रवेश नाकारता येत नाही, असे कायदा सांगतो. त्यानंतर संगणकाचा व भिंतीचा विचार अवश्य करावा.

नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधास जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण मंडळीत वारंवार ऐकतो. बंधूंनो व भगिनींनो, पुढील सभेस जाताना आपल्या मुलाचे नाव मनात असू द्या. परंतु ज्याच्याकरिता बोलणारे तेथे कोणी नाही, अशा एका मुलाचे नाव घेतल्यावाचून परत येऊ नका.