दुसऱ्यांदा बघताना

2020 सालच्या टाळेबंदीत मालिकांचं चित्रीकरण थांबलं आणि आईची रात्रीची करमणूक गेली. तेव्हा माझ्या पोरानं तिला मोबाईलवर ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग पुन्हा लावून दिला. 2016 साली आम्ही सगळ्यांनी तो बघितलेलाच होता. आमचं गाव येरळाकाठचं. ही नदी सातारा जिल्ह्यातल्या खटावाकडून येते आणि सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. आईचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला, सासर खालच्या अंगाला. कोकणातला तो वाडा, ती मालवणी बोली, यातलं आमच्या ओळखीचं काहीच नव्हतं. तरी रात्री साडेदहाला गल्लीत घरोघरी तोच आवाज असायचा.

पहिल्या भागात सुरुवातीलाच घरचे कर्ते अण्णा नाईक जातात आणि मग वाड्यात एकेक विचित्र प्रकार घडायला लागतो. हे कोण करतंय, एवढंच आम्हाला हवं होतं. 2019 साली दुसरा भाग आला तो मागं गेला. अण्णा जिवंत असतानाचा काळ त्यात दाखवला. त्यांचा लोभ, त्यांची दहशत, शेवंता, आणि हे सगळं गिळून घर सांभाळणारी माई. ते बघून झाल्यावर आई आता पुन्हा पहिला भाग बघत होती.

मोबाईल बाजूला ठेवून ती म्हणाली, “पयल्यांदा बघितलं तवा वाटलं, ही बाई नवऱ्यासाठी रडतीया. आता वाटतंय, सुटली म्हणून रडतीया.”

मी चमकलो. चित्र तेच, बाई तीच, पदर तोच. पहिल्यांदा बघताना आपण माणूस बघतच नाही, फक्त चोर हुडकतो. हा असेल की ती असेल? जो चोर वाटत नाही, तो आपल्या कामाचा नाही. दुसऱ्यांदा बघताना चोर कोण ते माहीत असतं. मग हातात उरतात ती नुसती माणसं.

पण याला दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ‘देवमाणूस’ सुरू झाली. ती तर आमच्याच साताऱ्याकडच्या बोलीतली. गाव ज्याला देवमाणूस म्हणतं तो डॉक्टरच खुनी. 2016 साली वाई तालुक्यात उघडकीला आलेल्या प्रकरणाशी लोक तिचा संबंध जोडत. बघणाऱ्याला खुनी कोण हे ठाऊक, गावाला नाही. पारावर पोरं म्हणायची, “आख्खं गाव येडं हुतं काय रं?” आई म्हणाली, “रातच्याला पोर तापानं फणफणतंय, आन् हाक मारल्यावर जो दारात येतोय, तो देवमाणूसच की. त्येला काय इचारायचं, तू कोण म्हणून?”

शेवट माहीत असला की शहाणपण फुकट मिळतं. प्रत्येक हसण्यात, प्रत्येक गप्प बसण्यात खूण दिसायला लागते. ‘तेव्हाच कळायला पाहिजे होतं’ असं आपण म्हणतो. तेव्हा कळण्यासारखं काही नसतंही.

हे मी आज सांगतोय, पण मला ते शिकायला फार महागात पडलं. म्हणजे महागात दुसऱ्याला पडलं.

1986 सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा. गावात एकच टीव्ही, काळा-पांढरा, निम्मा वेळ मुंग्याच. त्यावर आदल्या वर्षी ‘करमचंद’ लागलेली. पंकज कपूर गाजर खात खात गुन्हेगार पकडायचा. आम्ही पोरं शेतातली गाजरं उपटून खिशात घालायचो आणि गावभर तपास करत हिंडायचो. कुणाची कोंबडी गेली, कुणाचा दोर गेला, आम्ही हजर.

त्या साली जत्रेच्या तोंडावर आजीची बोरमाळ गेली. माजघरातल्या पेटीतून. घरात रडारड झाली. आजोबा सोप्यात बसले आणि एकेकाला बोलावून विचारायला लागले. मी पुढं झालो. म्हणालो, “मी बघितलंय. नाना माजघरातनं बाहेर आले. बंडीत काहीतरी हुतं. वरनं हात दाबून धरला हुता.”

नाना आमचा सालगडी. बारा वर्षं आमच्यात होता. मला खांद्यावर बसवून त्यानं यात्रा दाखवली होती. आजोबांनी विचारलं तर मान खाली घालून उभा राहिला. “न्हाई मालक” एवढंच बोलला. बंडीत काय होतं, ते काही सांगेना. मान खाली, तोंड बंद! मला तर खात्रीच पटली. करमचंदसमोर चोर असाच उभा राहायचा.

त्याच आठवड्यात नाना बायकोपोरांना घेऊन गाव सोडून वाळव्याकडं गेला. त्याचा पोरगा माझ्या वर्गात होता. त्याची शाळा सुटली ती सुटलीच.

पुढं माझे धाकटे चुलते गलाईच्या धंद्याला दक्षिणेत गेले. विट्याच्या आसपासची कितीतरी माणसं अशी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, त्यात नवल नव्हतं. भांडवल कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. आजीच्या दहाव्याला ते आले आणि नदीवर सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडले. “बोरमाळ म्या नेली हुती,” म्हणाले. आणि काय उपयोग? सोनं कधीच वितळलं होतं. नानाही तोवर वारला होता.

तेव्हापासून नाना चोर नव्हता, एवढं मला माहीत होतं. पण बंडीत काय होतं, हे कोडं राहिलंच होतं. त्या रात्री माईवरून विषय निघाला आणि मी आईला ते विचारलं. ती सहज म्हणाली, “गूळ हुता. त्येची बायकू बाळंतीण हुती. सासूबाईंनी चोरून दिला. मीच फडक्यात बांधला हुता.”

“मग तवा बोलली का न्हाईस?”

“सासऱ्याम्होरं? आन् बोलून काय, सासूबाई घरातलं चोरून वाटत्यात म्हणून सांगू? म्हाताऱ्यांनी त्यांना उभं केलं नसतं दारात.” जरा थांबून म्हणाली, “त्योबी त्येच्यासाठीच गप बसला. सासूबाईंचं नाव येऊ ने म्हणून.”

मला आईचा राग आला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. मग वाटलं, माईला समजून घेणारा मी, आणि स्वतःच्या आईला पहिल्यांदाच बघितल्यासारखा चोर ठरवतोय. तिचा डोक्यावरचा पदर, आजोबांच्या खाकरण्यानं थांबणारे हात, हे सगळं मी लहानपणी रोज बघितलेलं. आता त्याचा अर्थ लागत होता. तरी अर्थ लागला म्हणून नानाची गेलेली वर्षं परत येत नाहीत. माणूस समजणं वेगळं आणि त्याचं माप करणं वेगळं. आई चुकली होती. आजी तर जास्तच. आणि सुरुवात माझ्या बोटानं झाली होती.

आम्ही कुणी नानाला पहिल्यांदासुद्धा नीट बघितलंच नव्हतं. चोर घरातला नसणार, गडीच असणार, हा शेवट आम्ही आधीच धरला होता. मग मान खाली घातली तरी चोर, वर केली असती तरी चोर.

टाळेबंदी उठल्यावर आईच मागं लागली, “जाऊन सांगून ये.” वाळवा तालुक्यात नानाचा पोरगा हुडकून काढला. ऊसतोडीचे दिवस होते, तो फडातच होता. बांधावर बसून मी सगळं सांगितलं. गूळ, बोरमाळ, माझं बोट दाखवणं. त्यानं पाचटाची काडी मोडत ऐकून घेतलं.

मग म्हणाला, “आबाला ठावं हुतं तुमी सांगितलेलं. पर त्यो म्हनायचा, पोरगं खोटं बोललं न्हाई. त्येनं बघितलं ते खरंच हुतं.”

एवढं बोलून तो उठला. गाडी भरायची होती. मी त्याच्या मागं गेलो आणि दोन मोळ्या उचलून दिल्या. त्यानं नको म्हटलं नाही.